आडनावात राहणारी माणसं

एकट्या राहणाऱ्या माणसाच्या घरात नेमकी किती माणसं असतात, हा प्रश्न मला आयुष्यात एकाच गृहस्थाने पाडला. ते म्हणजे दुबईच्या देरा भागातले आमचे समोरच्या दाराचे शेजारी, मूळचे थायलंडचे. इतक्या भरलेल्या घरात राहणारा एकटा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आणि आमची ओळख झाली तीच मुळी माझ्या एका गाढवपणातून. मी त्यांच्या पाहुण्यांचं सरबत पिऊन टाकलं. पाहुणे फार वर्षांपूर्वी वारलेले होते, एवढंच.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी एसीचे डक्ट बसवणाऱ्या एका कंपनीत एस्टिमेटर होतो. दिवसभर अल क्वोजच्या पत्र्याच्या गोडाउनात बसून दुसऱ्यांची घरं थंड करण्याचे आकडे मांडायचे आणि संध्याकाळी स्वतः पापडासारखं भाजून देरात परतायचं, असा दिनक्रम. त्या दिवशी लिफ्ट बंद होती. जिने चढून वर पोचलो तेव्हा माझा रंग बघून समोरच्या दारातल्या नव्या शेजाऱ्यांना दया आली असावी. "आओ आओ, बैठो, हवा खाओ," म्हणत त्यांनी मला थेट बाल्कनीत नेऊन बसवलं आणि पाणी आणायला आत गेले. बाल्कनीत एका खांबावर कबुतराच्या खुराड्याएवढं लाकडी घर होतं, लाल आणि सोनेरी रंगाचं. त्याच्या पुढे लालभडक सरबताचे ग्लास ओळीने मांडलेले, आणि प्रत्येकात स्ट्रॉ. मला भरून आलं. काय हे अगत्य! परक्या मुलखात अनोळखी माणसासाठी सरबत तयार ठेवतात! मी एक ग्लास उचलला आणि तळाचा आवाज येईपर्यंत ओढला. वर, गोड जरा जास्त आहे, असा विचारही केला.

शेजारी बाहेर आले, त्यांनी रिकामा ग्लास पाहिला आणि हातातलं पाणी तसंच खाली ठेवलं. मग त्या लाकडी घरापुढे हात जोडून आपल्या भाषेत बराच वेळ काहीतरी बोलले. आपल्या पोराने शेजारच्यांची काच फोडल्यावर आपण ज्या सुरात बोलतो, तोच सूर. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "भाई, ये आप का नहीं था."

"मग किस का था?"

"वो लोग का."

"कौन लोग?"

त्यांनी माझ्या खांद्यामागे पाहिलं. मीही वळून पाहिलं. मागे नुसती भिंत होती. "पेट में दर्द हो तो बोलना," ते मऊ आवाजात म्हणाले, "और सपने में पानी आए तो पहले बोलना."

घरी येऊन हे बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "लोकांच्या घरचा नैवेद्य प्यायलात? अहो, निदान विचारायचं तरी!"

"अगं, स्ट्रॉ होती त्यात!"

"मग? त्यांना स्ट्रॉ लागत नाही असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

यावर मी हातपाय धुवायला गेलो. आमच्या संसारात हे नेहमीचंच आहे.

शेजाऱ्यांचा धंदा फळांचा. त्यांच्या देशातून रांबुतान, मँगोस्टीन, फणसासारखं दिसणारं, उग्र वासाचं ते ड्यूरियन, असला माल आणून ते देराच्या बाजारात विकत. ड्यूरियनची पेटी ज्या दिवशी लिफ्टमधून वर जाई त्या दिवशी अख्खी इमारत जिन्याने ये-जा करायची. फळबाजारात उमेदीची वर्षं गेल्यामुळे त्यांचं हिंदी पठाण, मल्याळी आणि मुंबईकर अशा तिन्ही हातांतून गेलेलं होतं आणि त्याला प्रत्येकाचं थोडं थोडं बोट लागलेलं होतं. आंब्यावरून आमची भांडणं होत. हापूसची फोड खाऊन ते डोळे मिटत, मान डोलवत आणि म्हणत, "अच्छा है. छोटा भाई है." असल्या माणसाशी तुम्ही मैत्री ठेवाल? मी ठेवली. त्यांच्या भाषेत नावाआधी 'श्री' लावतात तसं 'खुन' लावतात. त्यामुळे भर दुपारी जिन्यातून "खुन अरविंद! खुन अरविंद!" अशी हाक आली की खालच्या मजल्यावरचे नागपूरचे काका दार उघडून मला जिवंत पाहून जात.

त्यांचं स्वतःचं नाव मात्र ते कुणालाच घेऊ देत नसत. बाजारात सगळे त्यांना त्यांच्या भाषेतल्या एका आखूड शब्दाने हाक मारत. त्याचा अर्थ बेडूक. मला वाटलं, कुणीतरी चेष्टेने पाडलं असेल. तर म्हणाले, नाही, आईनेच ठेवलं. मूल सुंदर आहे, लाडकं आहे, हे भुताखेतांच्या लक्षात आलं तर ती ते उचलून नेतात. बेडकाला कोण नेणार? मी याच्यावर काहीतरी शास्त्रीय बोलण्याच्या तयारीत होतो, तेवढ्यात बायको आतून म्हणाली, "आमच्या चुलत सासऱ्यांचं नाव दगडू होतं. दोन भाऊ आधी गेले म्हणून." त्या दिवसापासून शेजाऱ्यांनी अवघड विषय माझ्याशी बोलणं सोडलं. ते तिच्याशीच बोलत. मला आंबे ठेवले.

त्यांच्या सवयी सांगायला बसलो तर तुम्हाला वाटेल मी फुगवून सांगतोय. लिफ्टमध्ये आत तीन माणसं असतील तर ते चढत नसत. "आप जाओ. हम बहुत लोग हैं." आणि उभे असत एकटे, हातात कोथिंबिरीची जुडी घेऊन. दार उघडून घरात शिरले की लगेच लावायचे नाहीत. मागून कुणी येतंय, त्याचं होऊ दे, अशा बेताने क्षणभर धरून ठेवायचे आणि शेवटी जरा खाली बघायचे, लहान मूल आत आलं की नाही हे बघतात तसं. एकदा दोघांनाही ताप, म्हणून माझ्याबरोबर दवाखान्यात आले होते. नर्सने त्यांचं आडनाव मोठ्याने पुकारलं, तर हे उठायच्या आधी वळून मागच्या खुर्च्यांकडे पाहायला लागले, आणखी कोण कोण उठतंय ते. मागच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. पण त्यांनी ज्या तऱ्हेने मान हलवून 'बसा बसा, मी एकटाच जाऊन येतो' अशी खूण केली, ती पाहून माझं अंग दुखायचं थांबलं आणि थंडी वाजायला लागली. त्या खुर्च्यांवर मग मी काही बसलो नाही. उभाच राहिलो.

सगळ्यांत विचित्र म्हणजे अब्रा. खाडीच्या या काठावरून त्या काठाला जायला अब्रा नावाच्या लाकडी होड्या आहेत. चिल्लर द्यायची, लाकडाच्या फळीवर बसायचं, वारा खात पलीकडे उतरायचं. दुबईत याहून स्वस्त सुख नाही. पण शेजारी मात्र पलीकडे जायचं तर टॅक्सी करून, पुलावरून, ट्रॅफिकमधून सगळा वळसा घालून जात. मला वाटलं, पाण्याला भीत असतील. एका शुक्रवारी मी त्यांना जवळजवळ ओढतच धक्क्यावर नेलं. फळीवर पाय ठेवायच्या आधी ते थांबले. "मेरे को डर नहीं," म्हणाले. "बोट में बैठेगा तो उन को याद आएगा." आणि वळून टॅक्सी शोधायला गेले. मी एकटाच अब्रात बसलो. दुपारच्या त्या उन्हात, इतक्या माणसांच्या गर्दीत, माझ्या शेजारची जागा पलीकडे पोचेपर्यंत कुणी घेतली नाही.

मग पावलं. ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी आमच्या मजल्याच्या पॅसेजमध्ये ओली पावलं उमटलेली दिसली. जिन्यापासून निघून शेजाऱ्यांच्या दारापर्यंत. मोठी, मध्यम, आणि एक जोडी अगदी लहान. दारातून बाहेर येणारं एकही नाही. आता मी पडलो एसीचा माणूस. पाणी दिसलं की आम्ही वर बघतो. मी मुलीला, ऋचाला, समजावून सांगितलं की बेटा, हवेतली वाफ थंड पाइपवर जमते आणि ठिबकते, याला कंडेन्सेशन म्हणतात. ती तेव्हा शाळेत होती. म्हणाली, "बट बाबा, व्हाय डझ इट हॅव टोज?" मी शिडी आणली, सिलिंगची फळी काढली, डक्टला हात लावला, ड्रेनच्या पाइपाला लावला. सगळं खणखणीत कोरडं. दुसऱ्या दिवशी कंपनीतला फोरमन आणला. तो सगळं पाहून म्हणाला, "सर, लीकेज नहीं है," आणि चहा न पिता गेला. फोरमन चहा न पिता जातो हे मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. बायकोने काय केलं? पॅसेजमध्ये आमचं पायपुसणं नेऊन टाकलं. म्हणाली, "ओल्या फरशीवरून लहान मूल घसरायचं."

त्याच आठवड्यात शुक्रवारी दुपारी, आमच्याकडे पोहे खाता खाता, शेजाऱ्यांनी आपल्या आडनावाची गोष्ट सांगितली. त्यांचे आजोबा चीनमधून जहाजाने बँकॉकला आले, एका गाठोड्यानिशी. त्या देशात फार पूर्वी आडनावं नव्हतीच. मग राजाने हुकूम काढला की प्रत्येक घराण्याने आडनाव घ्यायचं, आणि एकाचं दुसऱ्याने घ्यायचं नाही. झालं! जे आधी पोचले त्यांनी सोनं, चंद्र, समुद्र, विजय असले ठेवणीतले शब्द उचलले. मागून आलेल्यांना, आणि त्यात बरेचसे चिनी, उरलेले शब्द एकाला एक जोडून आडनावं शिवावी लागली. त्यामुळे तिकडे ज्याला जितका उशीर त्याचं आडनाव तितकं लांब, आगगाडीसारखं. आणि एका आडनावाची दोन माणसं कुठेही भेटली तर ती एकमेकांच्या नात्यातलीच असणार.

आजोबा कचेरीत गेले तेव्हा त्यांनी सुचवलेलं प्रत्येक नाव कुणी ना कुणी घेतलेलं निघालं. लांब नाव घ्यायची त्यांची तयारी नव्हती, लिहिण्याचा आळस. तेव्हा कारकून जरा घुटमळून म्हणाला, "एक आहे. आखूड आहे, छान आहे. पण वापरलेलं आहे." नदीकाठच्या कुठल्याशा गावातलं एक घराणं. सगळं घर, म्हाताऱ्यापासून तान्ह्यापर्यंत, एकाच होडीतून लग्नाला निघालं होतं. नदीच्या वळणावर होडी उलटली. माणसं बुडाली, आडनाव तेवढं कचेरीत कोरडं राहिलं. तेव्हापासून त्याला कुणी हात लावत नव्हतं. आजोबा पक्के व्यापारी. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "मग फी कमी लागेल का?" आणि घेऊन टाकलं.

"म्हणजे शारजाच्या बाजारातून जुनी गाडी घ्यावी तसं," मी म्हणालो.

शेजाऱ्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. "गाड़ी में," ते म्हणाले, "पुराना मालिक नहीं बैठता."

त्याच संध्याकाळी म्हणे आजीला उंबऱ्यावर ओली पावलं दिसली. आजोबा म्हणाले, मांजर असेल. आजी म्हणाली, मांजराला अंगठा नसतो. दुसऱ्या दिवशी तिने सुताराकडून ते छोटं घर करवून घेतलं, आणि तेव्हापासून त्या घराण्यात दोन घराणी राहू लागली. एक नाव लावणारं आणि दुसरं नावात राहणारं. "वो पहले का, हम बाद का," शेजारी म्हणाले. "हम किराएदार."

हे आडनाव मी इथे लिहीत नाही. आपल्या कानाला परकं वाटणार नाही असं आहे, संस्कृतातून तिकडे गेलेलं. पण शेजारी ते घरात उच्चारत नसत, दारावर लावत नसत, कारण हाक मारल्यासारखं होतं. पुढे घरात इंटरनेट आल्यावर ऋचाने एकदा ते त्यांच्याकडून लिहून घेऊन शोधून पाहिलं. सगळी दुनिया दाखवणारं ते यंत्र म्हणालं, असं काही नाही. "बाबा," ती आतून ओरडली, "अंकल डझन्ट एग्झिस्ट!" शेजारी मात्र हे ऐकून समाधानाने हसले. बाहेर कुणाला पत्ता लागलेला नाही, याचं समाधान.

माझ्या आडनावाची त्यांना फार कीव येई. दुबईत कुलकर्णी किती आहेत हे मी त्यांना एकदा अभिमानाने सांगितलं. बँकेत 'मिस्टर कुलकर्णी' म्हटलं की सोफ्यावरचे निम्मे लोक उठतात. ते ऐकून त्यांचा चेहरा पडला. "इतना लोग? एक नाम में? सब अलग-अलग फैमिली?" मग बराच विचार करून म्हणाले, "ये तो बेडस्पेस है." देरात एका खोलीत दहा-दहा माणसं बिछान्यापुरती जागा भाड्याने घेऊन राहतात, त्याला बेडस्पेस म्हणतात. माझ्या बापजाद्यांच्या आडनावाचं इतकं अचूक वर्णन आजवर कुणी केलेलं नाही.

या सगळ्यात एक गोष्ट मला उशिरा कळली, बायकोला अर्थातच आधी. घराण्यातल्या पुरुषांत ते आडनाव लावणारे शेजारी आता एकटेच उरले होते. तिकडे आडनाव बदलता येतं, आणि दिवस वाईट आले की लोक भिक्षूला किंवा ज्योतिषाला विचारून खुशाल बदलतात. त्यांच्या हयात असलेल्या सगळ्या भावांनी बदललं आणि भरभराटीला आले. एकाची तर भाताची गिरणी आहे. "आप भी बदल देते," मी म्हणालो. "मैं भी चला गया," ते म्हणाले, "तो वो लोग किधर जाएगा?" बायको त्यांची कधीच वारली होती. एक मुलगी होती, मावशीकडे वाढलेली. ती शिकून इथल्या एका हॉटेलात रिसेप्शनवर नोकरीला आली. वाऱ्यासारखी पोरगी, हसरी, दर शुक्रवारी जुमेराच्या किनाऱ्यावर पोहायला जाणारी. तिचं त्यांच्याच देशातल्या एका मुलाशी जमलं, आणि शेजारी वाळायला लागले. कारण त्यांच्या कायद्याने लग्नानंतर बायकोने नवऱ्याचं आडनाव घ्यायलाच हवं. म्हणजे यांच्यामागे ते नाव खलास. ज्यांच्यासाठी जन्मभर लिफ्ट सोडली, त्यांना रस्त्यावर सोडून जायचं. शेजारी रोज संध्याकाळी बाल्कनीत त्या लाकडी घरापुढे खुर्ची टाकून बसत, आणि आमच्या खिडकीतून त्यांची पाठ दिसे. कुणाची तरी समजूत घालणाऱ्या माणसाची पाठ.

मुलाच्या नोकरीपायी लग्न लांबलं, आणि तेवढ्यात तिकडून बातमी आली की कायदा बदलतोय, बायकांना माहेरचं आडनाव ठेवता येणार. मुलगी धावत आली. "डॅड, आय विल कीप इट!" आम्ही तिथेच होतो. मी टाळ्या वाजवल्या. शेजारी हसले, पण त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग असा उतरला की जणू कुणी आतून नळ सोडला.

दुसऱ्या दिवशी ते आमच्या स्वयंपाकघरात येऊन बायकोसमोर बसले. मी दारात.

"भाभी, बेटी बोलती, नाम रखेगी."

"अच्छा हुआ ना, भाईसाब! आप को यही तो चाहिए था."

"हाँ." मग ते ओट्याकडे बघत बोलू लागले. "मेरा बाप पानी में गया. चाचा पानी में गया. एक भाई, नाम बदलने के पहले, वो भी. जो बदला, सब ज़िंदा." त्यांनी आवाज खाली आणला, शेजारच्या खोलीत कुणी ऐकत असल्यासारखा. "वो लोग बुरा नहीं, भाभी. सिर्फ़ अकेला. कभी-कभी अपना आदमी साथ ले जाता है. और मेरी बेटी को समंदर बहुत पसंद."

मी म्हणालो, "ये सब कोइन्सिडन्स होता है." बायकोने माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी इथे लिहू शकत नाही. ज्यांची लग्नं झाली आहेत त्यांना कळेल.

तिने गॅस बंद केला आणि त्यांच्यासमोर पाट घेऊन बसली. त्यांना आमच्या घरातली एक गोष्ट सांगितली. पितृपक्षात आम्ही बाल्कनीत पान ठेवतो, कावळ्यासाठी. देरात कावळा वेळेवर येत नाही, तेव्हा कबुतर चालतं, अशी परवानगी सासूबाईंनी फोनवरून दिलेली आहे. आणि अमावस्येला 'हे' तर्पण करतात. हे म्हणजे मी. मला मंत्र येत नाहीत. पुण्याच्या गुरुजींनी माझ्यासाठी कॅसेट भरून दिली आहे. त्यात मधूनमधून ते खोकतात, "आता अपसव्य करा" म्हणतात आणि जिथे आपण आपल्या माणसाचं नाव घ्यायचं तिथे थोडी जागा मोकळी सोडतात. वडिलांचं झालं, आजोबांचं झालं, मामा-मावश्या झाल्या की सगळ्यात शेवटी एक ओंजळ असते, ज्यांना कुणीच नाही त्यांच्यासाठी.

शेजारी पुढे सरकले. "जिस का कोई नहीं, उस का भी?"

"उस का भी."

"दूसरा देश का हो तो?"

"पानी को क्या पता, भाईसाब. गोत्र नहीं मालूम तो काश्यप बोलते हैं."

"काश्यप कौन?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं तर्पण करतोय, मी कधी विचारलं नव्हतं. "बहुत बड़ी फैमिली है," मी म्हणालो.

"जगह है?"

"है," बायको म्हणाली. माझ्या सगळ्या घराण्याच्या वतीने, मला न विचारता. शेजाऱ्यांनी मान डोलावली. मग म्हणाले, "और आप का ऋचा?"

आता बायको थांबली. मी तिला ओळखतो. तिने ते मनात उलटंसुलटं करून पाहिलं. "हमारे यहाँ रहते नहीं," ती म्हणाली. "आते हैं, खाते हैं, आगे जाते हैं. किसी को साथ नहीं ले जाते."

त्या रविवारी शेजाऱ्यांनी मुलीला सांगितलं, नाव सोड. ती रडली, भांडली, इतकी वर्षं ज्या नावासाठी एकटे राहिलात ते मला का नको म्हणून. ते एवढंच म्हणाले की तुला आयुष्य हलकं जाऊ दे. खरं कारण त्यांनी तिला सांगितलं नाही. ते फक्त आमच्या स्वयंपाकघराला ठाऊक होतं.

सर्वपित्री अमावस्येला ते पांढरा शर्ट घालून आले, फळांची करंडी घेऊन. मी ताम्हण, पळी, काळे तीळ मांडले, कॅसेट लावली आणि गुरुजी खोकले. माझे सगळे पूर्वज नेहमीप्रमाणे रांगेत जेवून गेले. मग ती शेवटची ओंजळ आली. गुरुजी म्हणाले, "काश्यपगोत्र...", आणि ती मोकळी जागा सुरू झाली. नुसती टेपची खरखर. मी शेजाऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटले आणि आडनाव घेतलं. माझ्यासमोर, घरात, मोठ्याने, पहिल्यांदाच. मी पाणी सोडलं. मग ते हलक्या आवाजात बोलत राहिले, एकेकाशी बोलावं तसं, मध्ये थांबत, ऐकत, पुन्हा बोलत. एकदा खाली, गुडघ्याच्या उंचीला बघून बोलले आणि हसले. गुरुजींची ती मोकळी जागा एक नाव घेण्यापुरती असते. कॅसेट माझी पाठ आहे. त्या दिवशी शेजाऱ्यांचं बोलणं पूर्ण होईपर्यंत गुरुजी बोलले नाहीत. संपल्यावर खोकले, आणि पुढचं म्हणू लागले. टेप जुनी होती, मोटर सैल झाली असेल. मी यंत्रांतला माणूस आहे, मला असं म्हणायलाच हवं.

निघताना मी त्यांना विचारलं, एवढं काय सांगत होता?

"बोला, अच्छा घर है," ते म्हणाले. "बोला, इधर लड़की का एग्ज़ाम है, शोर नहीं करना."

पुढच्या महिन्यात मुलीचं लग्न झालं. वर्षभरात शेजारी धंदा आवरून मायदेशी गेले आणि काही वर्षांनी तिथेच वारले, स्वतःच्या बिछान्यात, भर उन्हाळ्यात. मुलीचं कार्ड येतं. समुद्राकाठी घर घेतलंय, रोज पोहते म्हणे. ते आडनाव लावणारं आता जगात कुणी नाही. समोरच्या फ्लॅटमध्ये नंतर बरेच लोक येऊन गेले, दार आपटून लावणारे.

पण मला आठवते ती त्या अमावस्येची संध्याकाळ. शेजारी गेले, आम्ही तिघं जेवायला बसलो. बायकोने नेहमीच्याच मापाने भात लावला होता. ऋचाने घेतला, मी घेतला, आणि मी दुसऱ्यांदा वाढायला सांगितलं तर पातेल्यात काही नव्हतं. शीतसुद्धा नाही, धुऊन ठेवल्यासारखं. बायकोने तळाशी पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, ऋचाकडे पाहिलं. ती पुस्तक उघडं ठेवून जेवत होती, तिला काही जाणवलं नव्हतं. बायकोने स्वतःच्या पानातला भात अर्धा काढून मला वाढला. मग झाकण ठेवलं आणि हळूच म्हणाली,

"उद्यापासून जरा जास्त लावते. लांबून आलेत, एवढ्यात कुठे निघतील."